रानातली भाऊबंदकी

चार्ल्स डार्विनच्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या १८५९ सालच्या ग्रंथात एक लहानसा हिशेब आहे. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी संयुक्त संस्थानांच्या उत्तर भागातल्या वनस्पतींचा कोश केला होता आणि बाहेरून येऊन तिथल्या मातीत रुजलेल्या २६० वनस्पती त्यात नोंदवल्या होत्या. डार्विनने त्यांची वर्गवारी केली. त्या १६२ प्रजातींत विभागल्या जात होत्या आणि त्यांपैकी तब्बल १०० प्रजातींचा एकही मूळ रहिवासी त्या प्रदेशात नव्हता. इथे दोन शब्द स्पष्ट करायला हवेत. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेप्रमाणे वड, पिंपळ आणि उंबर या तीन निराळ्या ‘जाती’ आहेत आणि तिन्ही ‘फायकस’ या एकाच ‘प्रजाती’त मोडतात. म्हणजे प्रजाती हे जवळच्या भावंडांचे घर. डार्विनने त्या हिशेबातून जे ताडले, ते आपल्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला पटकन उमगेल. बांधावरून भांडण होते ते परक्याशी कमी, भाऊबंदांशी जास्त. एकाच प्रजातीतल्या जातींची ठेवण सारखी, सवयी सारख्या, गरजाही सारख्या, म्हणून जगण्याचा झगडा त्यांच्यातच सर्वांत तीव्र असणार. परका पाहुणा रुजतो, कारण त्याची वाट अडवणारा भाऊबंद तिथे नसतो.

याच्या उलट अपेक्षाही डार्विनने त्याच ठिकाणी नोंदवली आहे. नव्या प्रदेशात जम बसवणारी झाडे तिथल्या मूळ झाडांची जवळची नातलग असावीत, असेही कोणाला वाटू शकते, कारण त्या हवापाण्याला लागणारी अंगची ताकद नातलगांत सारखीच असणार. नाते एकाच वेळी जवळ आणते आणि दूरही लोटते. मग रानात कोण कोणाशेजारी उगवते, हे ठरवण्यात दोहोंपैकी कोणाचे चालते? या प्रश्नावर दीडशेहून अधिक वर्षे वाद चालला. त्या वादाचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट वारंवार दिसते. नात्याला कोणी स्पर्धेचा आयता पुरावा मानले, की निष्कर्ष फसला. नात्याकडे इतिहासाची नोंद म्हणून पाहिले आणि तिच्याशेजारी प्रत्यक्ष मोजलेले गुणधर्म ठेवले, की रान बोलू लागले. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे, आणि ते त्या इतिहासातूनच सिद्ध होते.

विसाव्या शतकाच्या आरंभी स्वित्झर्लंडमध्ये पॉल जाकार आल्प्समधल्या कुरणांच्या याद्या करत होता. त्याच्या लक्षात आले, की छोट्या क्षेत्रात एका प्रजातीमागे जेमतेम एखादी जाती सापडते, तर मोठ्या प्रदेशात एका प्रजातीमागे अनेक जाती असतात. त्याने याचा अर्थ लावला, की छोट्या जागेत परिस्थिती एकसारखी असल्यामुळे भावंडांपैकी एकालाच थारा मिळतो. फिनलंडचा आल्वार पाल्मग्रेन ओलांड बेटांवर काम करत होता. त्याने आक्षेप घेतला, की हे प्रमाण केवळ यादीच्या लांबीवर अवलंबून असू शकते. आक्षेप साधा होता, पण मर्मावर बोट ठेवणारा होता. एखाद्या गावातल्या हजार माणसांतून दहा जण डोळे मिटून निवडले, तर त्यांत दोन सख्खे भाऊ सापडण्याची शक्यता मुळातच कमी. त्यावरून त्या गावात भाऊ एकमेकांजवळ राहत नाहीत, असे म्हणता येईल का? आर्थर मायेफेरने १९२९ साली स्विस वनस्पतींच्या बाबतीत नेमका हाच प्रश्न तपासला. सोडत काढावी तशा जाती निवडल्या, तर प्रजातींचे प्रमाण काय येते, हे त्याने पाहिले. १९३० साली झुरिकच्या तंत्रविद्यापीठातला थोर गणिती ज्यॉर्ज पोल्या याने या प्रश्नाचे संभाव्यतेचे गणितही मांडून दाखवले. निव्वळ योगायोगाने काय घडले असते, हे आधी ठरवावे आणि मगच कारण शोधायला निघावे, ही शिस्त परिसरशास्त्राला अशी मिळाली.

पण शिस्त मिळणे वेगळे आणि ती अंगवळणी पडणे वेगळे. इंग्लंडमधले प्राणिपरिसराचे अग्रणी चार्ल्स एल्टन यांनी १९४६ साली ५५ प्राणिसमूह आणि २७ वनस्पतिसमूह यांच्या याद्या तपासल्या. त्यांत ८० टक्क्यांहून अधिक प्रजातींची प्रत्येकी एकच जाती होती. एल्टन यांनी त्यात डार्विनच्या भाऊबंदकीचा पुरावा पाहिला. पुढच्याच वर्षी सी. बी. विल्यम्स यांनी तेच आकडे योगायोगाच्या कसोटीवर घासून पाहिले आणि चित्र उलटे झाले. समूह लहान असल्यामुळे योगायोगानेच एका प्रजातीच्या फार थोड्या जाती यायला हव्या होत्या. प्रत्यक्षात त्या अपेक्षेपेक्षा अधिक होत्या. म्हणजे भावंडे एकमेकांना हुसकावत नव्हती, उलट एकत्र सापडत होती. १९७० साली डॅनियल सिम्बरलॉफ यांनी बेटांवरच्या जीवसमूहांचा असाच हिशेब संगणकाच्या मदतीने केला आणि त्यांनाही अपेक्षेपेक्षा किंचित जास्त जवळीक दिसली. डार्विनने नोंदवलेली दुसरी अपेक्षा पहिलीइतकीच दमदार निघाली.

या वादाच्या समांतर एक दुसरी परंपरा वाढत होती. तिला नात्यागोत्याशी कर्तव्य नव्हते, झाडाच्या अंगी काय आहे एवढ्याशीच ते होते. जर्मनीच्या आंद्रेआस शिम्परने १८९८ साली वनस्पतींचा भूगोल त्यांच्या शरीरक्रियांच्या आधारे मांडला. कोरड्या देशातले झाड जाड पानाचे का, ओल्या देशातले रुंद पानाचे का, हे त्याचे प्रश्न होते. डेन्मार्कच्या क्रिस्टेन राउंकिएर याने याहून सोपी आणि चिवट कसोटी शोधली. वाईट ऋतूत, मग तो कडाक्याचा हिवाळा असो की उन्हाळा, झाड आपले कोंब कुठे जपून ठेवते? उंच फांदीवर, जमिनीलगत, मातीखाली, की फक्त बीजात? या एका प्रश्नावर त्याने जगभरच्या वनस्पतींची जीवनरूपे पाडली आणि प्रत्येक हवामानाचा ठसा त्यांच्या प्रमाणात दाखवून दिला. पुढे ब्रिटनच्या फिलिप ग्राइम यांनी १९७७ साली वनस्पतींच्या तीन जीवनरीती मांडल्या: स्पर्धा करणारी, हाल सोसणारी आणि मोडतोड झालेल्या जागी पटकन उगवणारी. २००४ साली १७५ ठिकाणच्या २,५४८ जातींच्या पानांची मोजमापे एकत्र आली तेव्हा दिसले, की जगभरची पाने एकाच जमाखर्चाच्या रेषेवर बसतात. एका टोकाला स्वस्तात बनणारे, भराभर अन्न करून लवकर गळणारे पान. दुसऱ्या टोकाला महागडे, जाड आणि वर्षानुवर्षे टिकणारे पान. गुणधर्मांची ही परंपरा नेमकी होती, मोजता येण्याजोगी होती. तिच्यात एकच उणीव होती: हे गुण कुठून आले, याची ती चौकशी करत नव्हती.

ती उणीव किती महागात पडते, हे १९८५ साली जोसेफ फेल्सेन्स्टाइन यांनी दाखवले. समजा, एखाद्या रानातल्या वीस जातींची पाने जाड आहेत आणि त्या वीसही कोरड्या जागी वाढतात. यावरून जाड पानाचा कोरड्या जागेशी संबंध वीस वेळा सिद्ध झाला का? त्या वीसही जाती एकाच पूर्वजाच्या वंशज असतील, तर पान जाड होण्याची घटना त्या पूर्वजात एकदाच घडली असेल आणि वीसही जातींनी जाड पान वारशात घेतले असेल. पुरावा एकच, तो आपण वीसदा मोजला. म्हणून गुणधर्मांचा अभ्यास करणाऱ्याला वंशवृक्ष टाळता येत नाही. अडचण अशी, की त्या काळी विश्वासार्ह वंशवृक्ष उपलब्धच नव्हता. नाते ठरवायचे ते रूपावरून आणि रूप फसवते. कमळ आणि कुमुद यांचे उदाहरण घ्या. दोघांचे तळे एक, तरंगती पाने सारखी, फुलांचा डौलही सारखा. जुन्या वर्गीकरणाने त्यांना एकत्र बसवले होते. डीएनएची क्रमवारी वाचता येऊ लागली तेव्हा कळले, की कमळाचे जवळचे नातलग तळ्यात नाहीतच. प्लेन नावाच्या उंच वृक्षांच्या शाखेशी त्याचा वंश जोडलेला आहे. पाण्याने दोघांना सारखे रूप दिले, रक्ताने नव्हे. १९९३ साली हरितलवकातल्या एका जनुकाच्या आधारे सुमारे ५०० बीजधारी वनस्पतींचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला, त्यावर चाळीसहून अधिक संशोधकांची नावे होती. १९९८ साली सपुष्प वनस्पतींची नवी वर्गवारी त्याच पायावर उभी राहिली. परिसरशास्त्राच्या हाती प्रथमच वंशावळीचे खात्रीचे दप्तर आले.

त्या दप्तराचा पहिला मोठा उपयोग बोर्निओच्या जंगलात झाला. पश्चिम कालिमंतानमधल्या गुनुंग पालुंग राष्ट्रीय उद्यानात कॅम्बेल वेब यांनी २८ तुकडे आखले, प्रत्येक सुमारे ०.१६ हेक्टरचा. त्यांत वृक्षांच्या ३२४ जाती निघाल्या. प्रसिद्ध वंशावळींवरून त्यांनी या जातींचा वृक्ष रचला, प्रत्येक तुकड्यातल्या झाडांमधले सरासरी वंशांतर काढले आणि मायेफेरच्या जुन्या शिस्तीप्रमाणे ते सोडतीने बनवलेल्या काल्पनिक तुकड्यांशी ताडून पाहिले. २००० साली प्रसिद्ध झालेले उत्तर स्पष्ट होते. एका तुकड्यातली झाडे योगायोगाने अपेक्षित असतात त्यापेक्षा एकमेकांची जवळची नातलग होती. दोन वर्षांनी वेब, डेव्हिड अकर्ली, मार्क मॅकपीक आणि मायकल डोनह्यू यांनी यामागचा तर्क सूत्रबद्ध केला. गुण वंशात टिकून राहत असतील आणि परिस्थिती चाळणीसारखी काम करत असेल, तर चाळणीतून एकाच गोतावळ्यातली झाडे पडतील. गुण टिकून असतील पण स्पर्धा जोरात असेल, तर नातलग एकमेकांपासून पांगतील. आणि दूरच्या वंशांनी तेच गुण स्वतंत्रपणे कमावले असतील, तर चाळणीतून पडणारी झाडेही वंशाने पांगलेलीच दिसतील. या मांडणीने जगभरातल्या संशोधकांना झपाटले, कारण आता जातींची यादी आणि वंशवृक्ष एवढ्या दोनच गोष्टी हाती असल्या की रानाची घडण वाचता येईल, अशी आशा निर्माण झाली.

आशेला पहिले वळण फ्लोरिडात मिळाले. जॅनिन कॅव्हेंडर-बेअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली तिथल्या ओकच्या १७ जातींचा अभ्यास प्रसिद्ध केला. कोरडी, वणवे लागणारी वाळूची जमीन, झुडपी माळ आणि ओलसर दाट रान अशा निरनिराळ्या जागांवरच्या ७४ तुकड्यांत त्यांना बोर्निओच्या उलट चित्र दिसले. जवळचे ओक एकत्र नव्हते. एकाच जागी ओकच्या वेगवेगळ्या शाखांमधले प्रतिनिधी एकत्र नांदत होते. गुणधर्म मोजल्यावर कारणाचा एक धागा हाती आला. प्रत्येक शाखेतल्या काही जातींनी कोरड्या वाळूला आणि वणव्याला तोंड देणारे गुण स्वतंत्रपणे मिळवले होते, तर त्याच शाखेतल्या इतरांनी ओलसर जागेचे. म्हणजे गुणांनी सारखे आणि वंशाने परके असे शेजारी एकत्र आले होते. याच संशोधकांनी पुढे केवळ ओक न पाहता सगळी झाडे हिशेबात घेतली, तेव्हा तीच राने गोतावळ्याची दिसू लागली. जवळून पाहिले तर पांगापांग, लांबून पाहिले तर जवळीक. आपण कोणत्या पायरीवर उभे राहून पाहतो, यावर उत्तर अवलंबून होते. आणि हे समजले ते वंशवृक्षाच्या जोडीला पाने, साल आणि खोड मोजल्यामुळेच.

याहून गंभीर आक्षेप २०१० साली मार्गारेट मेफिल्ड आणि जोनाथन लिव्हाइन यांनी घेतला. भाऊबंद एकमेकांना हुसकावतात, हे गृहीतच अर्धे आहे, असे त्यांनी दाखवून दिले. दोन जातींत फरक दोन प्रकारचे असतात. गरजा वेगळ्या असतील, तर त्या शेजारी राहू शकतात. पण ताकद वेगळी असेल, तर बलवान दुबळ्याला संपवतो. उंचीचेच पाहा. सावली करणारे उंच गवत आणि खुरटे गवत यांच्यात स्पर्धा झाली, तर उंच गवत जिंकेल. उंची वंशात टिकून राहत असेल, तर जिंकणारे सगळे एकाच वंशाचे निघतील आणि पाहणाऱ्याला वाटेल, ही तर परिस्थितीची चाळणी. म्हणजे स्पर्धा कधी नातलगांना पांगवते, तर कधी त्यांनाच एकत्र आणते. प्रयोगांनीही कोणा एकाची बाजू घेतली नाही. २०११ साली सिरिल व्हिओल यांच्या गटाने काचपात्रांत सूक्ष्म आदिजीव वाढवले, तेव्हा जवळचे नातलग एकमेकांना अधिक वेळा आणि अधिक लवकर संपवताना दिसले. तिथे डार्विन जिंकला. २०१४ साली ऑस्कर गोडोय, नेथन क्राफ्ट आणि लिव्हाइन यांनी कॅलिफोर्नियातल्या १८ वर्षायू वनस्पती एकमेकींशेजारी वाढवल्या. तिथे ताकदीतली तफावत दूरच्या नात्यांत जास्त आढळली. तिथे डार्विनचा अंदाज टिकला नाही. परक्या झाडांचा पुरावाही असाच दुभंगलेला आहे. न्यूझीलंडमध्ये ज्यांचे भाऊबंद आधीपासून होते, त्या पाहुण्या वनस्पती जास्त सहज रुजल्या, असे २००२ साली निघाले. कॅलिफोर्नियात मूळ गवतांशी दूरचे नाते असलेली परकी गवते अधिक उपद्रवी ठरली, असे २००६ साली निघाले.

यावर कोणी म्हणेल, की मग वंशवृक्षाची कटकट कशाला? गुण मोजता येतात, तेव्हा थेट गुणच मोजावेत. या आक्षेपात दम आहे आणि त्याच्या बाजूने उत्तम पुरावाही आहे. २००८ साली क्राफ्ट, रेनातो व्हालेन्सिया आणि अकर्ली यांनी इक्वाडोरच्या यासुनी इथल्या २५ हेक्टर जंगलात ११०० हून अधिक वृक्षजातींच्या पानांचे, बियांचे आणि लाकडाचे गुण तपासले. इतक्या गर्दीत सगळे योगायोगावर चालत असावे, असे अनेकांना वाटत होते. पण शेजाऱ्यांच्या गुणांत चाळणीच्याही आणि स्पर्धेच्याही खुणा सापडल्या. २०१६ साली सांद्रा दियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर ४६ हजारांहून अधिक जातींची मोजमापे एकत्र करून वनस्पतींच्या रूपाचे जागतिक चित्र मांडले. तरीही दोन कारणांनी केवळ मोजपट्टी पुरत नाही. पहिले असे, की आपण मोजतो ते सोपे गुण. झाडाची रोगाविरुद्धची ताकद, त्याच्या मुळांशी नांदणारी बुरशी, पानातली कडू रसायने, या गोष्टी शेकडो जातींत मोजणे आवाक्याबाहेरचे आहे. पनामाच्या जंगलात ग्रेगरी गिल्बर्ट आणि वेब यांनी २००७ साली पानांवर रोगट बुरशीची लागण करून पाहिली. एका झाडावर जगणारी बुरशी दुसऱ्यावर जगण्याची शक्यता त्या दोन झाडांच्या वंशांतराप्रमाणे कमी होत गेली. हे कोणत्याही एका गुणाने सांगितले नसते, नात्याने सांगितले. दुसरे कारण फेल्सेन्स्टाइन यांचेच. एकच घटना वीसदा मोजण्याची चूक वंशवृक्षच पकडतो. २०१५ साली पिले गेरहोल्ड आणि सहकाऱ्यांनी याच मुद्द्यावर जोर दिला, की वंशाच्या आकृत्यांना स्पर्धेच्या किंवा चाळणीच्या जागी बसवू नका. त्यांचे मोल त्याहून मोठे आहे, कारण त्या समूहाचा इतिहास सांगतात.

हे सारे आपल्या सह्याद्रीत उघड्या डोळ्यांनी पाहता येते. साताऱ्याजवळच्या कासच्या सड्यावर जांभ्या खडकावर मातीचा पातळ थर असतो. तो पावसाळ्यात चिंब होतो आणि नंतर महिनोन्महिने कोरडा पडतो. या चाळणीतून गेंदाच्या अनेक जाती शेजारीशेजारी उगवतात. तो गोतावळा आहे. त्याच निकस मातीत सीतेची आसवे आणि दवबिंदू या दोन कीटकभक्षी वनस्पती वाढतात. दोघींचे वंश फार दूरचे आहेत आणि किडे पकडण्याची विद्या त्यांनी स्वतंत्रपणे मिळवली आहे. एकाच सड्यावर सोयरे आहेत आणि सारख्या विद्येचे परकेही. नुसती यादी करणाऱ्याला ही फक्त नावे दिसतील. पश्चिम घाटाचा विस्तार पाहिला, तर इतिहासाचा हात आणखी ठळक होतो. दक्षिणेत कोरडा काळ थोडा असतो आणि उत्तरेकडे येताना तो लांबत जातो. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातल्या संशोधकांनी आपल्या सहकाऱ्यांसह २०२३ साली घाटातल्या काष्ठमय वनस्पतींचा वंशवृक्ष आणि त्यांचे भौगोलिक विस्तार एकत्र तपासले. लहानशा टापूत मर्यादित असलेले अतिप्राचीन वंश आणि अलीकडे उपजलेले नवे वंश, हे दोन्ही दक्षिण घाटात एकवटलेले दिसले. ते रान जुन्यांचे वस्तुसंग्रहालय आहे आणि नव्यांचा पाळणाही आहे. जातींची नुसती संख्या मोजून हे कधीच कळले नसते.

म्हणून या दीडशे वर्षांच्या वादाचा निवाडा कोणा एकाच्या पारड्यात पडत नाही. भाऊबंदकी खरी आहे, गोतावळाही खरा आहे, आणि दोहोंपैकी काय घडते आहे हे नात्यावरून आधीच ठरवता येत नाही. डार्विनचा हिशेब बरोबर होता. त्यातून निघणारे कारण मात्र प्रत्येक रानात नव्याने सिद्ध करावे लागते. ऑस्ट्रेलियाच्या डॅन फेथ यांनी १९९२ साली सुचवले, की जैवविविधता मोजताना वंशवृक्षाच्या फांद्यांची लांबी मोजावी. वड, पिंपळ आणि उंबर असलेला तुकडा आणि उंबर, जांभूळ आणि दालचिनी असलेला तुकडा, दोन्हींत जाती तीनच, पण दुसऱ्यात साठवलेला इतिहास कितीतरी मोठा आहे. आज आपल्या डोंगरांवर वनीकरणाचे हिशेब रोपांच्या संख्येत मांडले जातात. ज्यांच्या हाती ही कामे आहेत, त्यांनी प्रत्येक रोपाबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात: त्याच्या अंगी कोणते गुण आहेत, ते कोणत्या वंशाचे आहे, आणि या मातीत त्याच्याआधी कोण नांदत होते. या तिन्ही प्रश्नांची उत्तरे हातात घेऊनच खड्डा खणावा.